तराजूचा पासंग : दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ का दिला जातो?

परीक्षांचा हंगाम आला की एका प्रकारची बातमी हमखास वाचायला मिळते. कोणाला लेखनिक नाकारला गेला, कोणाला जादा वेळ मिळाला नाही, कोणाचा प्रवेश दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीमुळे अडला, आणि प्रकरण न्यायालयात गेले. ती वाचणाऱ्यांमध्ये लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बिचाऱ्याला एवढी सवलत द्यायला काय हरकत आहे. दुसरा म्हणतो, अशा सवलती देत सुटलो तर गुणवत्तेचे काय होणार. ही दोन टोकांची मते वाटतात खरी, पण दोघांच्याही वाक्यात ‘सवलत’ हा एकच शब्द आहे, आणि माझ्या मते सगळा घोटाळा त्या शब्दातच आहे. विद्यापीठातील दिव्यांग विद्यार्थ्यांना जे मिळायला हवे, त्याला कायदा सवलत मानत नाही. तो त्याला काय मानतो आणि का, हे समजून घेतले की बहुतेक आक्षेपांची उत्तरे आपोआप सापडू लागतात.

दिव्यांच्या उजेडाचा लाभार्थी कोण?

संध्याकाळ झाली की विद्यापीठाच्या ग्रंथालयात दिवे लागतात. त्यांचे वीजबिल विद्यापीठ भरते. पूर्णपणे अंध असलेल्या विद्यार्थ्याला त्या दिव्यांचा काडीचाही उपयोग नसतो, तरीही या खर्चाला ‘डोळस विद्यार्थ्यांसाठीची विशेष सवलत’ असे कोणी म्हणत नाही. चाकाच्या खुर्चीवरून येणारी विद्यार्थिनी आपली खुर्ची स्वतः घेऊन येते, आणि बाकीच्या शेकडो जणांना बसायला आसने विद्यापीठ पुरवते. मोठ्या सभागृहात ध्वनिवर्धक लावला जातो, कारण मागच्या बाकावर बसलेल्या, चांगले ऐकू येणाऱ्या माणसालाही त्याविना ऐकू येत नाही. म्हणजे सोयी सर्वांनाच लागतात. ज्यांच्या गरजा बहुसंख्यांसारख्या असतात त्यांच्या सोयी इमारतीत मुरलेल्या असतात म्हणून दिसत नाहीत, आणि ज्यांच्या गरजा वेगळ्या असतात त्यांना त्या अर्ज करून मागाव्या लागतात म्हणून डोळ्यांत भरतात.

या विचाराला अभ्यासक ‘सामाजिक प्रारूप’ म्हणतात. त्याचे सार असे, की शरीराची किंवा मनाची मर्यादा ही एक गोष्ट असते आणि त्या मर्यादेमुळे वाट्याला येणारी अडवणूक ही दुसरी. पाय चालत नाहीत ही पहिली गोष्ट. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि उद्वाहन (लिफ्ट) नाही, ही दुसरी. पहिलीवर विद्यापीठाचा काही इलाज चालत नाही, दुसरीवर पूर्ण चालतो.

हा फरक एका माणसाच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसतो. एड रॉबर्ट्स हे किशोरवयात झालेल्या पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ हलू न शकणारे अमेरिकन तरुण १९६२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संकुलात दाखल झाले. रात्री श्वास घेण्यासाठी त्यांना ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणून ओळखले जाणारे अजस्र यंत्र लागत असे, आणि ते वसतिगृहात ठेवता येण्यासारखे नव्हते. शेवटी विद्यापीठाच्या रुग्णालयातील एक जागा त्यांना राहण्यासाठी देण्यात आली. त्यांच्या पाठोपाठ आणखी काही विद्यार्थी तिथे आले, त्यांची संघटना उभी राहिली, आणि १९७० मध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचा, त्यांनी स्वतःच आखलेला एक कार्यक्रम त्या विद्यापीठात सुरू झाला. रॉबर्ट्स यांना नोकरी करणे कधीच शक्य होणार नाही, असा निर्वाळा राज्याच्या पुनर्वसन विभागाने सुरुवातीला दिला होता. १९७५ मध्ये त्याच विभागाचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. मधल्या तेरा वर्षांत त्यांच्या शरीरात काही सुधारणा झाली नव्हती.

‘वाजवी तजवीज’ : एकच पारिभाषिक शब्द

या विषयात एक इंग्रजी संज्ञा वारंवार येते, ‘रीझनेबल अकॉमोडेशन’. तिचे शब्दशः भाषांतर करणाऱ्यांनी तिला ‘वाजवी निवास’ करून टाकलेले मी पाहिले आहे, आणि मग वसतिगृहाच्या खोलीविषयी काहीतरी आहे असे समजून वाचणारा पान उलटतो. मी तिला ‘वाजवी तजवीज’ म्हणेन. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात तिची व्याख्या आहे. तिचा आशय असा, की एखाद्या विशिष्ट प्रसंगी, दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावा म्हणून करायचे आवश्यक आणि योग्य ते फेरबदल, मात्र ते करणाऱ्यावर अवाजवी बोजा पडता कामा नये. याच करारातील २४ वे कलम शिक्षणाविषयी आहे आणि त्यात उच्च शिक्षणाचा वेगळा उल्लेख आहे. भारताने २००७ मध्ये या कराराला मान्यता दिली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ही संकल्पना आणली. व्याख्येपेक्षाही महत्त्वाची बाब अशी, की ही तजवीज नाकारणे हा करारानुसार भेदभाव ठरतो. सवलत नाकारली तर फार तर कंजूषपणा ठरेल. तजवीज नाकारली तर हक्कभंग होतो.

विद्यापीठाच्या जबाबदारीचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. चांगला शिंपी कपडा शिवताना शिलाईच्या आत थोडी ‘माया’ सोडतो, म्हणजे पुढे अंगात फरक पडला तरी कपडा उसवून सैल करता येतो. इमारतीला सुरुवातीपासून उतार असणे, संकेतस्थळ ध्वनीवरून वापरता येण्याजोगे असणे, चित्रफितींना मजकूरपट्टी असणे ही सगळी अशी आधीच सोडलेली माया आहे. कोणी मागायची वाट न पाहता केलेली. वास्तुरचनेच्या क्षेत्रात या विचाराला ‘वैश्विक रचना’ हे नाव रोनाल्ड मेस या वास्तुविशारदांमुळे रूढ झाले, आणि ते स्वतः चाकाची खुर्ची वापरत. वाजवी तजवीज म्हणजे त्यानंतरचे, एका अंगाच्या मापाने केलेले उसवणे-शिवणे. ज्या विद्यापीठाने मुळात माया सोडलेली नसते, तिथे प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नव्याने कापड शोधावे लागते, आणि मग दिव्यांग विद्यार्थी फार खर्चिक असतात अशी तक्रार ऐकू येते.

परीक्षा नेमके काय मोजते?

आता मूळ वादाकडे येऊ. जुन्या तराजूचे एक पारडे कधीकधी दुसऱ्यापेक्षा किंचित जड असते. वजन करण्याआधी दुकानदार हलक्या बाजूला एक छोटा खडा किंवा धातूचा तुकडा बांधतो; त्याला पासंग म्हणतात. पासंगामुळे मालाचे वजन वाढत नाही, पण त्याच्याविना केलेले वजन खोटे ठरते. परीक्षेतील जादा वेळ हा असा पासंग आहे.

हे पटण्यासाठी एक प्रश्न विचारावा लागतो, जो प्रश्नपत्रिका काढणारे क्वचितच स्वतःला विचारतात : ही परीक्षा काय मोजण्यासाठी आहे? इतिहासाची तीन तासांची परीक्षा इतिहासाची समज मोजत असेल, तर प्रश्न डोळ्यांनी वाचण्याचा वेग आणि हाताने अक्षरे उमटवण्याचा वेग हे त्या मोजमापात नकळत मिसळलेले घटक आहेत. बहुतेक विद्यार्थ्यांत हे वेग साधारण सारखे असतात म्हणून ते मिसळलेले लक्षात येत नाहीत. ज्याचा हात आखडतो, जिला अक्षरे एकमेकांत गुंतलेली दिसतात, जो दुसऱ्याच्या तोंडून प्रश्न ऐकतो, त्यांच्या बाबतीत ते घटक फुगून मूळ मोजमापावरच मात करतात. भारतात केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या परीक्षेला एक तास.

काही वर्षांपूर्वी मी एका अंध विद्यार्थिनीची अर्थशास्त्राची उत्तरपत्रिका लिहायला लेखनिक म्हणून बसलो होतो. तो एक तास कुठे जातो हे मला त्या दिवशी कळले. डोळस विद्यार्थी एका लांबलचक प्रश्नावरून तीन-चार वेळा नजर फिरवतो आणि त्याला त्याची जाणीवही नसते. तिला मात्र प्रत्येक वेळी, ‘‘तिसरे वाक्य पुन्हा वाचता का?’’ असे विचारावे लागत होते. उत्तर सांगताना मध्येच एखादा मुद्दा घालायचा झाला की आधी मी काय लिहिले आहे ते परत वाचून दाखवायचे, मग जागा ठरवायची, मग बाण काढायचा. पारिभाषिक शब्दांची अक्षरे ती सुटी करून सांगत होती, कारण मी त्या विषयाचा नव्हतो. तसा नसावा हीच अट होती. आणि मग चौथ्या प्रश्नात आले, ‘खालील आलेखाचे निरीक्षण करून रेषेचे स्वरूप स्पष्ट करा.’ तिने विचारले, ‘‘रेषा कशी जाते?’’ डावीकडून उजवीकडे खाली उतरते, असे मी सांगितले असते तर अर्धे उत्तरच सांगितल्यासारखे झाले असते. न सांगितले असते तर तिच्यापुढे प्रश्नच नव्हता. पर्यवेक्षकांना विचारले, तर त्यांनाही ठाऊक नव्हते. शेवटी तिने तो प्रश्न सोडला. त्या सहा गुणांत तिला अर्थशास्त्र येते की नाही, याचा कुठेही संबंध आला नाही.

तिथे कोणाच्या मनात वाईट नव्हते. लेखनिक दिला होता, वेळही दिला होता. चुकले ते एवढेच, की आलेखाचे शब्दांतले वर्णन प्रश्न काढतानाच तयार ठेवायला हवे होते, किंवा त्याच तोडीचा दुसरा प्रश्न. चुकीच्या रूपात दिलेली सोय गैरसोयीइतकीच महाग पडू शकते, आणि हा अनुभव नवा नाही. हेलन केलर १८९९ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसल्या तेव्हा त्यांच्यासाठी प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये उतरवून देण्यात आल्या होत्या. त्या काळी ब्रेलच्या एकाहून अधिक पद्धती चालत. बीजगणित त्या इंग्लंडच्या पद्धतीच्या चिन्हांत शिकल्या होत्या, आणि परीक्षा अमेरिकन चिन्हांत असणार हे त्यांना कळले ते परीक्षेच्या जेमतेम दोन दिवस आधी. त्या उत्तीर्ण झाल्या, पण बीजगणितासोबत त्यांना दोन दिवसांत नवी चिन्हेही पाठ करावी लागली. परीक्षा घेणाऱ्यांच्या लेखी ब्रेल दिले म्हणजे काम झाले होते.

काय मोजायचे आणि कोणत्या पद्धतीने मोजायचे या दोन गोष्टींची गल्लत किती गंभीर ठरू शकते, हे इंग्लंडमधील एका खटल्यात पुढे आले. ब्रिस्टल विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या, लोकांसमोर बोलण्याची तीव्र भीती असलेल्या एका विद्यार्थिनीचा २०१८ मध्ये आत्महत्येने मृत्यू झाला. प्रयोगांचे मूल्यमापन तोंडी मुलाखती आणि सादरीकरणातून होत होते. विद्यापीठाने मूल्यमापनात योग्य फेरबदल न केल्याने कायद्याचा भंग झाला, असा निकाल २०२२ मध्ये लागला आणि उच्च न्यायालयाने तो फेब्रुवारी २०२४ मध्ये कायम ठेवला. प्रयोगाची समज हा तिथे निकष होता; ती समज तोंडाने बोलून दाखवणे ही केवळ एक पद्धत होती. निकष बदलण्याची सक्ती विद्यापीठावर नसते. पद्धत बदलता येते का, हे तपासण्याची असते.

मग काहीही मागता येईल का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवे, कारण दर्जा खालावण्याची भीती अगदीच निराधार नसते. ज्या अभ्यासक्रमात एखादे कौशल्य हेच शिकायचे असते, तिथे ते वगळून पदवी मागता येत नाही. दुभाषक घडवणाऱ्या अभ्यासक्रमात तत्क्षणी भाषांतर करण्याचा वेग हा निकषच आहे. तिथे जादा वेळ देणे म्हणजे पासंग न राहता माप बदलणे होईल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये परिचारिका अभ्यासक्रमाला प्रवेश मागणाऱ्या एका श्रवणबाधित महिलेच्या प्रकरणात, अभ्यासक्रमाचे मूळ स्वरूपच बदलेल असे फेरबदल करण्यास संस्था बांधील नाही, असे ठरवले होते. त्या निकालाच्या तपशिलावर आजही मतभेद आहेत, कारण श्रवणबाधित परिचारिका आणि डॉक्टर आता प्रत्यक्ष काम करताना दिसतात; पण मूळ स्वरूप कोणते आणि सवयीने चिकटलेले कोणते, हा त्याने पुढे आणलेला प्रश्न अजूनही योग्य आहे.

माझे निरीक्षण असे, की हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर ‘सवयीने चिकटलेले’ या खात्यात बरेच काही निघते. तीन तासच का? हातानेच का लिहायचे? सर्वांनाच जादा वेळ का देऊ नये, हा प्रश्न सहसा टोमणा म्हणून विचारला जातो, पण त्याचे उत्तर गंभीरपणे द्यायला हवे. वेग हा निकष नसेल, तर खरोखर सर्वांनाच पुरेसा वेळ द्यावा. तसे केले तर जादा वेळासाठीचे अर्ज बरेच कमी होतील, आणि घड्याळाकडे पाहत शेवटची दोन उत्तरे गुंडाळणाऱ्या बाकीच्यांचेही भले होईल.

न दिसणाऱ्या अडचणी आणि चाळीसचा आकडा

दिव्यांगत्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी काठी आणि चाकाची खुर्ची येते. भारताच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. त्यात स्वमग्नता आहे, वाचन-लेखनातील विशिष्ट अक्षमता आहे, मनोविकार आहेत, रक्ताचे काही आजार आहेत. यांतले पुष्कळसे चेहऱ्यावर दिसत नाहीत, आणि काही तर रोज सारखे नसतात. सांधे आखडण्याचा आजार असलेला विद्यार्थी सोमवारी जिना चढतो आणि गुरुवारी चढू शकत नाही. सोमवारी त्याला पाहिलेल्या प्राध्यापकांना गुरुवारी तो ढोंगी वाटतो.

‘उद्या कोणीही उठून खोटे प्रमाणपत्र आणेल’ हा आक्षेप इथेच येतो. खोटी प्रमाणपत्रे असतात, आणि ती पकडून कारवाई झालीच पाहिजे, कारण त्यांचा पहिला तोटा खऱ्या दिव्यांगांनाच होतो. पण पडताळणीचा सगळा भार ज्याचा संशय नाही त्याच्यावर टाकणे हे त्याचे उत्तर नव्हे. जन्मापासून अंध असलेल्या माणसाला दर वर्षी ‘अजून अंध आहात ना’ असे विचारणारी व्यवस्था खोटेपणा पकडत नाही, फक्त थकवते. शिवाय उलट्या दिशेची फसवणूकही असते : अनेक विद्यार्थी आपली अडचण मुद्दाम लपवतात. मनोविकाराची नोंद झाली तर शिफारसपत्र कसे मिळेल, प्रयोगशाळेत घेतील का, या हिशेबाने ते हक्काची तजवीज मागतच नाहीत आणि कमी गुण सोसतात.

भारतात या सगळ्यात चाळीस टक्के हा आकडा फार मोठी भूमिका बजावतो. ज्याचे दिव्यांगत्व प्रमाणित मोजणीत ४० टक्के किंवा त्याहून अधिक भरते, त्याला कायदा आरक्षणासारखे काही लाभ देतो. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत अशा विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखायच्या असतात. मात्र हा आकडा आरक्षणाच्या दारातून निघून परीक्षेच्या खोलीतही जाऊन बसला. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला, त्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली असल्याने लेखनिक नाकारण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला, की लेखनिकाची गरज आणि आरक्षणाची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला लिहिता येत नाही त्याला लेखनिक लागतो, मग टक्केवारी काहीही असो. दुसऱ्या बाजूनेही हाच आकडा भिंत झाला होता. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत काही प्रकारांसाठी ४० टक्क्यांवर गेलेला विद्यार्थी अपात्र ठरत असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ टक्केवारीवरून अपात्र ठरवता येणार नाही, तो विद्यार्थी तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे पाहावे लागेल, असे सांगितले. म्हणजे एकच संख्या कधी मदतीसाठी फार कमी ठरत होती, तर कधी प्रवेशासाठी फार जास्त.

पुस्तक हाती आहे, पण वाचता येत नाही

परीक्षा वर्षातून काही दिवसांची, वाचन रोजचे. अंध विद्यार्थी संगणक वापरतो तो स्क्रीन रीडर नावाच्या प्रणालीने, जी पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचते किंवा ब्रेल पट्टीवर उमटवते. एनव्हीडीए ही अशीच प्रणाली ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ पासून विकसित केली आणि ती मोफत उपलब्ध आहे. म्हणजे साधन फुकट आहे. अडचण मजकुराची आहे.

प्राध्यापक पुस्तकातील वीस पानांचे फोटो काढतात, त्यांची एक पीडीएफ करतात आणि वर्गाच्या गटावर टाकतात. डोळस विद्यार्थ्याला ती पाने दिसतात. स्क्रीन रीडरला तिथे अक्षरे सापडतच नाहीत. त्याच्या लेखी ती वीस छायाचित्रे आहेत. तो पान रिकामे असल्याचे सांगतो आणि गप्प बसतो. मराठीत आणखी एक खोच आहे. युनिकोड ही आजची प्रमाण संगणकीय अक्षरपद्धती रुळण्याआधीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण फाइलच्या पोटात तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा असतो. स्क्रीन रीडर पोटातले वाचतो. त्यामुळे सुबक छापलेल्या मराठी प्रकरणातून अर्थहीन इंग्रजी अक्षरे ऐकू येतात. अशा नोट्स अजूनही वर्षानुवर्षे फिरत असतात, आणि युनिकोडमध्ये एकदा बदलून ठेवायला लागणारा वेळ त्यावर वाया गेलेल्या विद्यार्थ्यांच्या तासांपुढे काहीच नाही.

पुस्तक दुसऱ्या रूपात आणण्यात स्वामित्वहक्काचा अडसरही होता. जून २०१३ मध्ये माराकेश येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाची सुगम प्रत करण्याला आणि ती देशांच्या सीमेपलीकडे पाठवण्याला वाट करून दिली. त्याला सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता, २०१४ मध्ये. तरीही सत्र सुरू होण्याआधी वाचनयादी जाहीर झाली नाही तर ही प्रत वेळेत तयार होत नाही. ऐन वेळी बदललेले पाठ्यपुस्तक बाकीच्यांना दोन दिवसांची धावपळ देते. ब्रेलवर अवलंबून असलेल्याचे अर्धे सत्र त्यात जाऊ शकते.

खर्चाचे काय?

‘अवाजवी बोजा’ हे शब्द व्याख्येतच असल्यामुळे खर्चाचा मुद्दा गैरलागू नाही. पण बोजा अवाजवी आहे की नाही हे संपूर्ण संस्थेच्या ऐपतीवरून ठरवायचे असते, एका विभागाच्या किरकोळ खर्चाच्या रकमेवरून नव्हे. बांधलेल्या इमारतीत उद्वाहन बसवणे महाग पडते, आणि सांकेतिक भाषेचा दुभाषक संपूर्ण अभ्यासक्रमभर देणे हाही मोठा खर्च आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र मागितल्या जाणाऱ्या गोष्टींची यादी पाहिली तर बरेचसे पैशाचे नसतेच : तास तळमजल्यावर घेणे, स्लाइड आदल्या दिवशी पाठवणे, व्याख्यान ध्वनिमुद्रित करू देणे, परीक्षेला शांत खोली देणे, मधुमेही विद्यार्थ्याला परीक्षेदरम्यान खाऊ देणे. या गोष्टी अडतात त्या निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेले नसल्यामुळे. विद्यापीठातला, अशा सोयींचे काम पाहणारा समान संधी कक्ष पत्र देतो, विभाग ते परीक्षा विभागाकडे पाठवतो, परीक्षा विभाग केंद्राला कळवायचे विसरतो, आणि परीक्षेच्या सकाळी विद्यार्थी स्वतःच्या आजाराची कागदपत्रे घेऊन दारात उभा राहून पर्यवेक्षकांना पहिल्यापासून सगळे समजावतो. जादा मिळालेल्या वेळातली वीस मिनिटे तिथेच जातात.

उद्याच्या तासाला

धोरण, निधी आणि समित्या यांची वाट न पाहता बदलता येणारी जागा म्हणजे फळ्यासमोरची. गणिताच्या तासाला कान देऊन ऐका. ‘‘हे इकडे नेले, याच्यातून हे वजा केले, की हे येते. हे कशाला सारखे आहे? याला. म्हणून हे गेले.’’ फळा दिसणाऱ्याला यात काही खटकत नाही. अंध विद्यार्थ्याच्या वहीत या तासातून ‘हे’, ‘याच्यातून’ आणि ‘हे’ एवढेच उतरते. बोलता बोलता प्राध्यापक फळ्याकडे वळतात तेव्हा ओठांच्या हालचालीवरून समजून घेणाऱ्या श्रवणबाधित विद्यार्थिनीचाही धागा तुटतो, आणि ते पुन्हा वर्गाकडे वळेपर्यंत वाक्य संपलेले असते.

तेच प्राध्यापक लिहिताना ‘‘एक्सचा वर्ग वजा चार बरोबर शून्य, चार उजवीकडे नेले, एक्सचा वर्ग बरोबर चार’’ असे म्हणू लागले, आणि लिहून झाल्यावर वर्गाकडे तोंड करून शेवटचे वाक्य पुन्हा उच्चारू लागले, तर तासाला दोन-तीन मिनिटे अधिक लागतात. मागच्या बाकावरच्या, चष्मा घरी विसरलेल्या मुलालाही त्या दिवशी समीकरण वहीत बरोबर उतरवता येते.